पाखरांच्या वाट्याचं बियाणं

टोपीवाल्यांना मी अजूनही नमस्कार करत नाही. दर हिवाळ्यात ते नागपूरहून गाड्या घेऊन आमच्या तलावावर येतात, तीन पायांवर दुर्बिणी उभ्या करतात, आणि तांड्यातली एखादी म्हैस पाण्यात उतरली की तिला हाकलायला लावतात. म्हशीमुळे पक्षी उडतात म्हणे. म्हशी त्या तलावात माझ्या जन्माआधीपासून डुंबताहेत आणि पक्षीही तेव्हापासून येताहेत. त्यांचं आपसात कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही. भांडण आहे ते माझं आणि टोपीवाल्यांचं.

आमचा तांडा पांढरकवड्याहून आत, हायवे सोडून. एके काळी आमची माणसं बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायची, आता शेती करतात. तांड्यातली पहिली पदवीधर मी. बीएस्सी, प्राणिशास्त्र. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे. पांढरकवड्याला शिकवणीच्या वर्गात शिकवते आणि कॉलेजात असल्यापासून तलावावरचे पक्षी एका वहीत लिहून ठेवते. दुर्बीण नाही. चक्रवाक ओळखायला ती लागत नाही. नारंगी अंगाचं, फिकट डोक्याचं मोठं बदक, बहुधा जोडीनं असतं, आणि कुणीतरी नाकातून हाक मारावी तसं ओरडतं. ते हिमालयापलीकडून येतं, असं मी बाला सांगितलं होतं. बा म्हणजे माझा बाप. तो म्हणाला, "इतक्या दुरून? मंग तो पाव्हणाच झाला आपला."

टोपीवाल्यांच्या म्होरक्यानं एकदा माझी वही हातात घेतली, दोन पानं उलटली आणि म्हणाला, "वा बाळा, छान छंद आहे." मी म्हटलं, हा छंद नाही, नोंद आहे. तोवर त्यानं दुर्बिणीला डोळा लावला होता.

एका वर्षी गव्हाची पेरणी नुकतीच आटोपली होती. रविवारी सकाळी तलावावर गेले, तर काठावर पाच चक्रवाक मरून पडलेले. सहावा जिवंत होता, पण मान उचलत नव्हता; पंख नुसते थरथरत होते. टोपीवाले आधीच पोचले होते. त्यांनी वनरक्षकाला बोलावून घेतलं होतं.

"तांडेवाल्यांचं काम आहे," म्होरक्या त्याला सांगत होता. "विष टाकून मारतात आणि खातात."

"जहर घातलेलं पाखरू खाणारा माणूस तुम्ही पाह्यला काय?" मी विचारलं. "आम्ही काय येडे आहो?"

"ताई, आवाज खाली," वनरक्षक म्हणाला.

"माह्या आवाजाचं काय घेऊन बसले? तुम्ही कागदावर काय लिहून राह्यले ते सांगा."

तो दोन नावं लिहीत होता. तलावात जाळं टाकणारे आमच्या तांड्यात दोघेच, त्यांची. त्यातला एक माझा सख्खा काका. वन्यजीवाचा गुन्हा लागला की माणूस वर्षानुवर्षं तारखांना जात राहतो, हे तांड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. काका तिथंच उभा होता, हातात ओलं जाळं. वर्दीसमोर तो कधीच बोलत नाही.

वनरक्षक म्हणाला, पंचनामा झाला, आता पुरून टाकू. मी म्हटलं, हात लावायचा नाही. आमच्या म्हशीला तपासायला येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना मी फोन लावला. त्या येईपर्यंत सहावाही गेला. मी म्होरक्याला सगळ्यांदेखत ऐकवलं, "पाखरू चिरू द्या. मंग तुमचं तोंड पाह्यते मी."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घातले, तोंडाला मास्क लावला आणि एका पक्ष्याचा गळा खालपर्यंत उघडला. आत गहू खच्चून भरला होता. गुलाबी गहू.

"विषारी दाणे," म्होरक्या म्हणाला. "आमिष टाकलंय. मी काय सांगत होतो?"

"विष दिसतंच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोणतं, ते प्रयोगशाळा सांगेल."

मला प्रयोगशाळेची गरज नव्हती. तो गुलाबी रंग तीनच दिवसांपूर्वी माझ्या बोटांना लागला होता.

आमच्या घरची रीत आहे. पेरणी झाली की टोपलीत उरलेलं बियाणं कोणी घरी आणत नाही. ते पाखरांच्या वाट्याचं. बा ते बांधापलीकडे, तलावाच्या ओल्या कडेला फेकतो. त्याचा बापही फेकायचा. पण तेव्हा बियाणं घरच्या कणगीतलं असायचं. त्या वर्षी मी हट्ट धरला की दुकानातलं, पिशवीतलं आणायचं. बा नको म्हणत होता. "मी बीएस्सी आहे की तू?" असं मी त्याला बोलले. पेरताना त्यानं गुलाबी झालेला तळहात पुढे केला आणि विचारलं, "याले रंग कायले देला?" मी सांगितलं, औषध चोळलंय, कीड-बुरशी लागू नये म्हणून. म्हणजे मला माहीत होतं. पिशवीवर बारीक अक्षरात 'खाण्यासाठी वापरू नये' असं छापलेलं होतं आणि आमच्या घरात ते वाचू शकणारी मी एकटी होते. वाचलंही होतं. खाण्यासाठी म्हणजे माणसांनी, एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्याच संध्याकाळी मी वहीत लिहिलं होतं: चक्रवाक आपल्या वावराच्या कडेला चरताना दिसले. खाली आनंदानं रेघ ओढली होती.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. काकाचं नाव कागदावर राहिलं असतं, इतकंच.

"हे आमिष नाही," मी म्हटलं. "पेरायचं बियाणं आहे. आमच्या वावरातलं. मी आणलेलं आहे आणि उरलेलं आम्हीच इथं टाकलं."

वहीचं ते पान उघडून मी वनरक्षकाच्या हातात दिलं. म्होरक्यानं त्याच्या खांद्यावरून वाचलं. पहिल्यांदाच नीट वाचलं असेल.

"म्हणजे तुम्हीच मारले," तो म्हणाला.

"हो."

"आणि तुम्ही शिकलेल्या ना?"

"शिकलेली आहे म्हणूनच सांगून राह्यली. माह्या काकाचं नाव खोडा. त्या दुसऱ्याचंही. नुसती रेघ नको, वाचता येणार नाही असं खोडा."

वनरक्षकानं खोडलं. माझा जबाब लिहून घेतला, मी इंग्रजीत सही केली. माफी म्होरक्यानं मागितली नाही. काकाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

तोवर बा आला होता. त्यानं तो उघडा गळा पाहिला आणि हळूच म्हणाला, "पाव्हण्यायले जहर वाढलं मी."

"तू नाही, बा. मी."

तो काठावर उकिडवा बसला आणि चिखलातून एकेक गुलाबी दाणा वेचायला लागला. मी बसले, काका जाळं ठेवून बसला. टोपीवाले फोटो काढत होते. मी ओरडले, "फोटो कायले काढता? वाका अन् वेचा." म्होरक्या म्हणाला, आमचं काम निरीक्षणाचं. एकही वाकला नाही. दुपारनंतर त्यांच्या गाड्या गेल्या आणि आम्ही अंधार पडेपर्यंत दाणे वेचत राहिलो.

आता उरलेलं पिशवीचं बियाणं आम्ही वावरात खोल खड्डा करून पुरतो. चक्रवाक अजून येतात, पण आमच्या कडेला नाही, पलीकडच्या काठाला उतरतात. वहीत मी तसंच लिहिते.

पाखरांचा वाटा बानं बंद केलेला नाही. पेरणी झाली की तो घरच्या ज्वारीची टोपली घेऊन बांधावर जातो आणि मला बोलावतो. मूठभर ज्वारी माझ्यापुढे धरतो.

"खाय," म्हणतो.

मी म्हणते, बा, ही आपलीच ज्वारी आहे, मीच साफ केली.

"तू शिकलेली आहेस. खाऊन दाखव."

मी दाणे तोंडात टाकते, चावते, गिळते. तो माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहतो. मग टोपलीतली ज्वारी फेकतो.