घडीमास्तर आणि घडीचा फोन

आत्माराम पाष्ट्यांनी आयुष्यात दोनच कामं मनापासून केली. साड्या उघडल्या आणि साड्या मिटल्या. भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळच्या साड्यांच्या दुकानात गादीवर मांडी घालून त्यांची छत्तीस वर्षं गेली. उघडायचं काय, कुणीही उघडतं, गिऱ्हाईकसुद्धा उघडतं. पण एखादी बाई चाळीस साड्या उघडून 'बघून सांगते हं' म्हणत चपला घालून निघून गेली, की त्या चाळीसच्या चाळीस पुन्हा कोऱ्या दिसतील अशा मिटणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. दुकानात त्यांना सगळे घडीमास्तर म्हणायचे. पगारपत्रकावर तेवढं आत्माराम होतं.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी मांडी घालायला नकार दिला म्हणून मास्तर घरी बसले. हात मात्र बसले नाहीत. घरातला पेपर, पिशव्या, नॅपकिन, सगळं काठाला काठ जुळवून मिटलेलं असायचं. ताटातली पोळीसुद्धा ते चौघडी करूनच मोडायचे. एकदा त्यांनी भाच्याची लग्नपत्रिका इतकी बारीक मिटून ठेवली की ती सापडली तेव्हा बारशाचं आमंत्रण आलं होतं. "बरं झालं, दोन्ही आहेर एकदमच झाले," असं सुगंधाबाई म्हणाल्या. सुगंधाबाई म्हणजे मास्तरांची बायको, आणि त्यांची घडी विस्कटू शकणारी जगातली एकमेव व्यक्ती.

मुलगा नीरज मीरा रोडला मोबाइलच्या दुकानात सेल्समन होता. पहिली दोन वर्षं त्यानं मागच्या काउंटरवर फोनला काचा चिकटवण्यात आणि कव्हरं विकण्यात काढली होती. 'भैया, बुलबुला रह गया' हे वाक्य त्याला झोपेतही ऐकू यायचं. सहा महिन्यांपूर्वी त्याला पुढच्या काउंटरवर बढती मिळाली, आणि आता मध्ये घडी पडणारा फोन त्याच्या गळ्यात पडला होता.

"तीन आठवडे झाले बाबा," एका शुक्रवारी तो जेवताना म्हणाला. "अख्खं मीरा रोड येऊन उघडून गेलं. घेत कुणी नाही."

"उघडून काय करतात?"

"मिटतात! एक काका तर रोज संध्याकाळी येतायत. उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात, आणि म्हणतात, 'आवाज मस्त आहे.' निघून जातात. परवा एक मुलगी आली, तिनं फोन अर्धा मिटून काउंटरवर उभा केला, बारा फोटो काढले, स्वतःच्या फोनवर घेतले आणि थँक्यू म्हणून गेली. एकाला फक्त तो फाटकन बंद करून कुणाचा तरी फोन कट करायचा होता."

"बायकोचा असेल," सुगंधाबाई आमटी वाढत म्हणाल्या.

"बॉसचा, आई. आणि उरलेले सगळे विचारतात, मधे ही रेघ का दिसते?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. "रेघ? घडीची?"

"हो. उजेडात धरला की दिसते."

"आणि तसाच मांडून ठेवलायत?" मास्तरांच्या आवाजात दुःख होतं. त्यांच्या दुकानात घडीची रेघ पडलेली साडी पुढे ठेवणं म्हणजे पाहुण्याला उष्ट्या कपात चहा देणं.

मग नीरजनं खरी गोष्ट सांगितली. शेठनं रविवारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर एक तरी गेला नाही तर फोन कंपनीला परत आणि नीरज मागच्या काउंटरवर, बुलबुल्यांत. ते सांगताना पोरगा ताटातल्या भातावर उगाच चमच्यानं रेघा ओढत होता. मास्तरांनी ते पाहिलं. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, शेअर रिक्षा पकडून ते मीरा रोडला हजर झाले.

"बाबा, तुम्ही?"

"तू तुझं काम कर. मी नुसता बसतो."

नुसता बसतो म्हणणारा माणूस किती धोक्याचा असतो ते नीरजला ठाऊक होतं. तरी त्यानं स्टूल दिलं.

तासभर मास्तर बघत राहिले. नीरज येणाऱ्या प्रत्येकाला फोन किती लाख वेळा मिटतो, कॅमेरा किती, बॅटरी किती, असा पाढा म्हणत होता. माणसं मान डोलवत होती, उघडत होती, मिटत होती आणि जात होती. आपल्या गादीवर हेच चालायचं, फक्त इथं चहा मिळत नव्हता. पोराचं आणि आपलं काम एकच आहे, हे मास्तरांना त्या स्टुलावर पहिल्यांदा जाणवलं आणि त्यांना उगाच भरून आलं.

तेवढ्यात नीरज बिल करायला वळला. एका गिऱ्हाइकानं उघडाच टाकलेला फोन समोर पडला होता. मास्तरांनी तो उचलला, उजेडात धरला. होती. मधोमध, या काठापासून त्या काठापर्यंत, रेघ होती.

आता रेशमी साडीचं असं असतं, की ती एकाच घडीवर ठेवली तर जरीचा धागा तिथं चिरतो. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी ती काढायची, मोकळी करायची आणि जिथं आत दुमडली होती तिथं बाहेर दुमडायची. हे मास्तरांनी छत्तीस वर्षं डोळे मिटून केलं होतं. तेव्हा त्यांचा दोष म्हणावा तर तेवढाच. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला, अंगठे मागच्या बाजूला लावले आणि शांतपणे तो उलटा मिटायला घेतला.

कुर्रर्र.

"बाबाऽऽ!" नीरज काउंटरवरून जवळजवळ उडालाच. त्यानं फोन हिसकावला. "अहो, तो उलटा नाही वळत!"

"रेघ काढत होतो रे."

"रेघ नाही, माझी नोकरी काढत होतात!"

सगळी गिऱ्हाइकं वळली. शेठ गल्ल्यामागून अर्धे उठले. नीरजनं फोन मिटला, उघडला. चालू होता. शेठ पुन्हा बसले, पण सावकाश. आणि तेवढ्यात दारातून एक खणखणीत आवाज आला.

"घडीमास्तर! तुमी हितं काय करताव?"

उत्तनजवळच्या पालीच्या गोदूबाई. उत्तनच्या बाजारात मासळी विकणाऱ्या. आवाज समुद्राला हाक मारायला घडवलेला. त्यांच्या लेकीच्या, सलोनीच्या लग्नाचा सगळा बस्ता मास्तरांच्या गादीवर झाला होता. त्या वेळी गोदूबाईंनी स्वतःसाठी एक भारी रेशमी साडी धरून ठेवली होती आणि मास्तरांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला होता, "ताई, नेसणार कुठं?" हा प्रश्न ते प्रत्येकीला विचारायचे. उत्तर ऐकून कधीकधी हातातली साडी काढून घ्यायचे आणि दुसरी द्यायचे. दुकानाचे मालक त्यावर कपाळाला हात लावायचे. गोदूबाईंनी तेव्हा वऱ्हाडाच्या स्वैपाकाची देखरेख करायची म्हणून सांगितलं होतं. मास्तरांनी रेशीम काढून घेऊन त्यांना धुवून टिकेल अशी सुती दिली होती. ती अजून टिकून होती.

"माझा मुलगा आहे इथं," मास्तर म्हणाले.

"मंग झ्याक झाला. मला फोन दावा. माजा रोहित जहाजावर हाय. आठवड्यातनं एकदा दिसतं पोर, ता पन सुपारीएवढा. मोठा पायजे. पन मोठा फोन हितं मावत न्हाय." त्यांनी कमरेचा बटवा दाखवला. मग नीरजच्या हातातल्या फोनकडे त्यांचं लक्ष गेलं. "ह्यो काय हाय?"

नीरजनं तो उघडला. या वेळी पाढा म्हटला नाही. आपल्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा वडिलांकडे धरला. घडीच्या फोनवर मास्तरांचा चेहरा उगवला, नाकावरच्या तिळासकट.

"अगो बाय! येवढा? येवढा दिसंल माजा रोहित?" गोदूबाईंनी पडद्यावरच्या मास्तरांच्या गालावरून बोट फिरवलं. मास्तर खरोखर लाजले. मग त्यांनी फोन मिटला आणि बटव्यात टाकला. बरोबर मावला. "ह्योच दे."

शेठ हसले. नीरजच्या चेहऱ्यावर उजेड पडला. दहावीचा निकाल लागला तेव्हाही तो इतका हसला नव्हता, अर्थात तेव्हा कारणही नव्हतं.

मास्तरांचा नेहमीचा प्रश्न त्यांच्या घशापर्यंत आला. त्यांनी तो गिळला. पुन्हा आला. एक रविवार गप्प बसलं तर काय बिघडतं? पोराचं भलं होतंय. समोर बाई खूश आहे. त्यांनी खिशातला रुमाल काढला, मिटलेलाच होता, तो उलगडून परत मिटला. आणि म्हणाले,

"गोदूबाई, वापरणार कुठं?"

नीरजनं डोळे मिटले.

"कुठं म्हंजे? पाटीवर. मी बाजारात बसते तवाच त्याचा फोन येतो."

"आणि हात?"

"हात सुके असाया मी काय बँकेत हाय?"

पुढचं सांगणं मास्तरांनी पोरावर सोडलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. शेठही पाहत होते. नीरज बटव्यातून डोकावणाऱ्या फोनकडे पाहत होता. बटव्याच्या शिवणीत रेती होती, आणि एक चमकता खवला.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "हा नको. रेतीचा कण आत गेला तर बिजागरी जाईल. पोटातली काच नाजूक असते, खवला दाबला गेला तरी ओरखडा पडेल. तुमचा रोहित दिसायचा बंद होईल."

शेठ मोठ्यांदा खोकले.

"मंग?"

नीरजनं साधा, जाड, पाण्याला न घाबरणारा मोठ्या पडद्याचा फोन पुढे केला. गोदूबाईंनी तो बटव्याला लावून पाहिला. अर्धा बाहेर.

"ह्यो मावत न्हाय."

"बटवा मोठा शिवून देतो," मास्तर म्हणाले. "फोन कशाला मोडायचा त्यासाठी?" शिवणार अर्थातच सुगंधाबाई होत्या. त्यांना ही बातमी संध्याकाळी कळणार होती.

गोदूबाई तो साधा फोन घेऊन गेल्यावर शेठ म्हणाले, "नीरज, तू मेरे लिए काम करता है, या कंपनी के दुश्मन के लिए?" आणि सोमवारी नीरज मागच्या काउंटरवर काचा चिकटवत होता. मास्तरांनी चार दिवस त्याच्याशी नजर मिळवली नाही. सुगंधाबाईंनी ब्लाउजपिसाच्या तुकड्यांतून बटवा शिवला. शिवताना त्या नवऱ्याला काय काय बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण टाके बारीक घातले.

शुक्रवारी नीरज उशिरा घरी आला. चप्पल काढता काढताच म्हणाला, "आई, अजून चार बटवे शिवशील?"

"का?"

"आज गोदूबाईंनी धाडलेल्या पालीच्या चार बायका आल्या होत्या. दारातूनच शेठला विचारलं, 'तो विकाया न्हाय बोलनारा पोर कुठं हाय?' शेठला आधी कळेना. मग मला पुढं बोलावलं. चौघींनी फोन घेतले. मी प्रत्येकीला विचारलं, वापरणार कुठं?" त्यानं चप्पल कोपऱ्यात सारली. "आपोआप आलं तोंडात."

मास्तर पेपर मिटत होते. त्यांनी तो जरा जास्तच काळजीपूर्वक मिटला.

"म्हणजे आता तू पुढंच?"

"पुढंच. शेठ म्हणाले, इसको पीछे मत भेजो, औरतें वापस चली जाएँगी."

"आणि तो घडीचा?"

"गेला परत कंपनीला. रोज येणारे काका येऊन खूप हळहळले."

"जाताना मिटला कुणी?"

"मीच."

"काठाला काठ जुळला?"

"बाबा, तो एकाच रीतीनं मिटतो. कुणीही मिटला तरी जुळतो."

मास्तरांनी पेपर मांडीवर ठेवला, त्यावरून एकदा तळहात फिरवला आणि हुंकार दिला.

"मग त्यात कसब ते काय!"