तात्या हसेनासे झाले तेव्हा

सातवीतून शाळा सुटली आणि परभणीकडच्या गावातून मी लासुर्ण्यात येऊन पडलो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरायचं तात्यांचं दुकान होतं. त्यांनी काम शिकवलं, दुकानामागं झोपायला जागा दिली, दोन वेळचं जेवण घरचं. उपकार इतके, की ते कधी काढून घेतील याचीच मला धास्ती.

काकींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, चहा आणला की तात्या निम्मा बशीत ओतून मला द्यायचे. एका उन्हाळ्यात ते थांबलं. "दोन कप आणत जा," म्हणाले.

आमचं घर बौद्ध. मी ते लपवलं नव्हतं, पण कुणी विचारलंही नव्हतं. आता कुणीतरी कान भरले असणार. मग मी तात्यांवर नजरच ठेवली. ते माझ्याकडं बघून हसेनात. आवाज इतका खाली गेला, की काकींशी बोलले तरी माझ्याविषयीच कुजबुज चाललीय असं वाटायचं. बसले की उजव्या हातावर टॉवेल. काय झाकतायत? तार भरायचं काम सगळं माझ्यावर टाकलं, तर त्यातही मला डाव दिसला.

शेजारचा पंक्चरवाला डोळा मारून म्हणाला, "तात्या घ्यायला लागलं वाटतं. पाय घासत चालत्यात."

मला ते पटेना. राग माझ्यावरच होता. एका संध्याकाळी पिशवी भरली आणि विचारलं, "तात्या, मी जाऊ का गावाकडं?"

"का रं?"

"माझी जात कळल्यापासनं तुमचं मन फिरलंय."

"जात? तुझ्या बापानं तुला हितं आणून सोडलं तवाच सांगितली की."

"मग चहा का येगळा केला?"

त्यांनी टॉवेल काढला. मांडीवरचा हात आपोआप हलत होता, अंगठा आणि बोट बिडी वळल्यासारखी. "बशीत वतायला गेलं की निम्मा धोतरावर. तुझ्यादेखत लाज वाटती, लेका."

"आन् हसत का न्हाय?"

"आरं, हसतुयच की आत्ता!"

चेहरा दगडासारखा. ओठाचा कोपरासुद्धा हलला नव्हता. दारातून काकी म्हणाल्या, "आवं, कुठं हसताय?" आणि घाबरून माझ्याकडं बघायला लागल्या.

बारामतीला पुण्याहून मेंदूचे डॉक्टर यायचे. त्यांनी तात्यांना मूठ उघडझाप करायला लावली, चालवलं, कोपर वाकवून बघितलं. कंपवात, म्हणाले. मेंदूतलं एक द्रव्य कमी पडतं, अंग आखडतं, हालचाल मंदावते. हात रिकामा असला की जास्त थरथरतो. आवाज बसतो, चेहरा हलेनासा होतो; माणूस आतून हसतो, बाहेर दिसत नाही.

"दारूनं व्हतं का? का कुणी काय केलं आसंल?" काकींनी विचारलं.

"दोन्ही नाही. का होतं, ते बहुतेक वेळा सांगता येत नाही. मुळातून जात नाही, पण गोळीनं हालचाल सुधारेल."

गोळीनं फरक पडेल यावर माझा विश्वास नव्हता. तात्या रोज गोळी घेत होते, काही आठवडे गेले. एकदा मी तारा चुकीच्या जोडल्या आणि गिऱ्हाइकासमोर मोटार उलटी फिरली. तात्यांच्या भुवया एकदम जवळ आल्या, कपाळाला आठ्या पडल्या. "डोळं कुठं हायत, गाढवा?"

मी बघतच राहिलो. तात्यांचा खरा राग असा दिसतो तर.

"काय बघतुयास?"

"काय न्हाय," म्हणालो आणि दोन तारांची अदलाबदल करायला खाली बसलो.