आवडीची साक्ष

आवडीने चुलीवरचा तापलेला तवा उघड्या हाताने उतरवला आणि पुन्हा पीठ मळायला बसली. कातडी जळल्याचा वास पडवीपर्यंत गेला, तेव्हा सासू साळूबाई आत आली. सुनेच्या बोटांची साल तव्याला चिकटून राहिली होती आणि सुनेला त्याचा पत्ताच नव्हता. साळूबाईने तिचा हात धरला नाही. दोन पावलं मागे सरून तिने विचारलं, "दुखत नाय तुला?"

"नाय," आवडी म्हणाली. त्या एका शब्दावर तिचा संसार संपला.

ही १९२२ सालची गोष्ट. वरंधच्या वरच्या अंगाला डोंगरात दहा-बारा घरांची वाडी होती. आवडीचा नवरा मुरारी मुंबईला गोदीत कामाला. तिच्या दंडावर आणि पाठीवर वर्षभर फिकट चट्टे होते, पण ती पदर ओढून वावरत होती. आता वाडीने त्या चट्ट्यांना नाव दिलं, रगतपिती, म्हणजे महारोग. शेताच्या टोकाला गवताची खोपी उभी राहिली आणि आवडी तिथे गेली.

साळूबाई काही दुष्ट नव्हती. रोज बांधावर भाकरी ठेवताना ती डोळे पुसायची. पण चार वर्षांच्या तुळसाला, आवडीच्या एकुलत्या एक लेकीला, तिने आईच्या दिशेने पाऊल टाकू दिलं नाही. मुरारी शिमग्याला आला तो खोपीपासून हाकेच्या अंतरावर उभा राहिला. खातेस ना नीट, एवढंच त्याने विचारलं. पुढच्या शिमग्याला तो दुसरी बायको करून आला.

दोन पावसाळे तिने त्या खोपीत काढले. दुसऱ्या पावसाळ्यात तिच्या तळपायाच्या जखमेत अळ्या पडल्या. रानात लाकडं तोडायला येणाऱ्या बनुबाईने लांबूनच सांगितलं, की पोलादपूरजवळ मिशनवाल्यांनी असल्या माणसांसाठी आश्रम काढलाय. आवडी निघाली, पण आश्रम तिच्या मनात नव्हता. वाटेत सावित्री नदी लागते, एवढंच तिला ठाऊक होतं. खुरडत खुरडत तिसऱ्या दिवशी ती नदीवर पोचली. नदी दुथडी भरून चालली होती आणि काठ उभा होता. तो काठ उतरायलाही धड पाय लागतो. तिने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा चिखलात बसकण मारली. मग ती उठून रस्त्याने पुढे गेली, कारण रस्ता सपाट होता.

आश्रमात मलमपट्टी करणारा कुशाबा नावाचा उतारवयाचा माणूस होता. मूळचा महार, तरुणपणीच ख्रिस्ती झालेला. त्याने तिला बाकावर बसवलं, कोमट पाण्याचं घमेलं आणलं आणि तिचा पाय हातात घेतला. दोन वर्षांत तिला कुणाचा हात लागला नव्हता. त्यात ह्या माणसाची सावलीही वाडीत कुणी अंगावर पडू दिली नसती, हे तिच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही. पण तिने पाय मागे घेतला नाही. कुशाबा चिमट्याने एकेक अळी काढत होता.

"तुमाला किळस नाय येत?" तिने विचारलं.

"येते की बाय. रोज येते," कुशाबा मान वर न करता म्हणाला. "पानी गार व्हायच्या आत धुवून घेऊ."

औषध म्हणजे कडू कवठीच्या तेलाची सुई, आठवड्यातून दोनदा. ती टोचली की मांडीला गाठ यायची आणि रात्रभर ताप भरायचा. कित्येकांनी मध्येच सोडून दिली. आवडीने आठ वर्षं घेतली. उजव्या हाताची दोन बोटं झडली, उरलेली आत वळली, भुवया गेल्या. पण चट्टे हळूहळू विझले.

संध्याकाळच्या प्रार्थनेला ती जाऊ लागली, कारण तिथे बायका खांद्याला खांदा लावून बसायच्या. एकदा आश्रमाच्या धर्मगुरूंनी, पाळकांनी, येशूने बरे केलेल्या दहा महारोग्यांची गोष्ट सांगितली. दहांतला एकच आभार मानायला परत आला, बाकीचे नऊ आलेच नाहीत. ते नऊ कुठे असतील, असं पाळकांनी विचारलं. आवडी म्हणाली, "घरी गेले असतील. त्यांना घरं असतील." पुढच्या वर्षी तिने बाप्तिस्मा घेतला. तिला कुणी आग्रह केला नव्हता. पाय धुणाऱ्याचा देव तोच आपला, एवढाच तिचा हिशेब होता.

१९३२ साली डॉक्टरांनी तिला रोगमुक्त झाल्याचा कागद दिला. तो छातीशी धरून ती वाडीवर गेली. साळूबाईने तिला वेशीबाहेरच अडवलं. म्हातारी खूप थकली होती. कागद तिला वाचता येत नव्हता, आणि आला असता तरी उपयोग नव्हता. ती हात जोडून म्हणाली, "तुळसाचं लगीन ठरलंय, आवडे. आई पटकीने गेली असं सांगितलंय आमी. तू जित्ती हायस कळलं तर मोडंल."

एवढ्यात तुळसाच हंडा घेऊन विहिरीकडून आली. चौदा वर्षांची, उंच, अंग लख्ख. आवडीच्या वळलेल्या बोटांकडे पाहून ती थबकली.

"कोन हाय गो ही, आजे?"

आवडीच म्हणाली, "भुकेली हाय, पोरी."

तुळसा घरात जाऊन भाकरी घेऊन आली. आवडीने पदर पसरला. तुळसाने हात लागू नये इतक्या उंचीवरून भाकरी त्यात टाकली आणि निघून गेली. आवडीने भाकरी गुंडाळली, सासूला नमस्कार केला आणि आली त्या वाटेने परत पोलादपूरला गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर ती लेकीला हाक मारून बसली असती.

ती परत आल्यावर आश्रमात कुणी फार विचारलं नाही. तिथल्या बऱ्याच जणी अशाच परतल्या होत्या. त्याच हिवाळ्यात कुशाबा छातीच्या दुखण्याने गेला आणि घमेलं आवडीच्या हाती आलं. मुडपलेल्या हाताने चिमटा धरायला ती सहा महिन्यांत शिकली. काम ती चोख करी, प्रार्थनेला मात्र गप्प बसे. कधी पाहुणे आले की पाळक तिला साक्ष द्यायला सांगत, तू बरी झालीस ते चार लोकांना कळू दे म्हणत. ती नाही म्हणायची. शेवटी एकदा तिने सांगून टाकलं, "बरी झाले ते खरं हाय. पन आभार कशाचे मानायचे ते अजून मला उमजलं नाय." पाळकांनी पुन्हा विषय काढला नाही. अशी पाच वर्षं गेली.

१९३७ च्या उन्हाळ्यात वरंधकडची रंगूबाई आश्रमात दाखल झाली. तिच्या हाताची पट्टी बदलता बदलता आवडीने वाडीची चौकशी केली. साळूबाई वारली होती. तुळसाची दोन मुलं मेलेली जन्मली होती, आणि पोरीच्या रक्तातच काहीतरी आहे अशी सासरी कुजबूज सुरू झाली होती. आवडीचा हात थांबला. रंगूबाईला काही ठाऊक नव्हतं, ती आपली सांगत राहिली. "तिसऱ्या खेपेला दोन दिवस अडली व्हती बिचारी. सगल्यांनी आशा सोडली व्हती. पन मुलगी झाली. चांगली रडली म्हनतात."

"आई कशी हाय?"

"हाय की. परवा शेतावर दिसली, पोर पाठीला बांधून."

आवडीने पट्टीची गाठ दातांनी ओढून घट्ट केली आणि पुढच्या बाईचा पाय धुवायला घेतला.

रविवारी पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला आभार मानायचे आहेत का. आवडी उठून उभी राहिली. बायकांनी माना वळवल्या.

"माझ्या वळखीच्या एका पोरीची सुटका झाली," ती म्हणाली. "दोघी जित्त्या हायत. ते बघायला देवानं मला ठेवली." एवढं बोलून ती खाली बसली.

त्यानंतर ती आणखी तीन वर्षं जगली. एका पावसाळ्यात तापाने गेली, आश्रमामागच्या माळावर तिला पुरलं. तिच्या ट्रंकेत रोगमुक्तीचा कागद निघाला, घड्यांवर फाटलेला. तो कुणाला पाठवायचा ते माहीत नसल्याने पाळकांनी आपल्याजवळ ठेवून घेतला.