भावजींच्या गाडीचं पोट

माणूस चेहऱ्यावरून ओळखावा असं जग म्हणतं. आमच्या धाकट्या भावजींनी मात्र उभ्या आयुष्यात कशाचाच चेहरा पाहिला नाही, पाहिला तो तळ. चहा दिला की आधी कप वर धरून त्याचं बूड बघणार. पाट मांडला की उलटा करणार. माझ्या थोरलीसाठी स्थळ बघायला गेलो, तेव्हा आम्ही सगळे मुलाचे नाकडोळे न्याहाळत होतो आणि हे ओसरीखाली वाकून घराचं जोतं तपासत होते. परतताना म्हणाले, "वयनी, पोरगा कसा हाय ते तुमी बघा. जोत्याला वाळवी नाय, येवढं मी सांगतो." लेक आजतागायत सुखात आहे, त्यामुळे मला वादही घालता येत नाही.

या वेडाचं मूळ त्यांच्या ट्रकमध्ये. पावसाळ्याआधी आमच्याकडे घरोघरी सुकी मासळी भरून ठेवतात, आणि मुरबाड-धसईच्या बाजारांत ती किनाऱ्यावरून आणायचं काम भावजींचं. मासळीचा वास उन्हानं उडतो, मीठ उडत नाही. ते फळ्यांमधून झिरपून खालच्या लोखंडात मुरतं. त्यामुळे गाडी वरून धुतलेली, हार घातलेली, आणि खालून पापडासारखी सुटत चाललेली. मागे एकदा तपासणीच्या साहेबानं एक पापुद्रा बोटानं सोलून त्यांच्या हातावर ठेवला आणि बजावलं, की खालून साफ करून अंडरकोटिंग मारून आणा, नाहीतर पुढच्या खेपेला ही गाडी पास करणार नाही, सरळ भंगारात जाईल. धाकटी, म्हणजे माझी जाऊ, भावजींची बायको, वारून तोवर वर्ष उलटलं होतं. भावजी घरात चार शब्द बोलत नसत. जे काही बोलायचं ते स्टिअरिंगशी. गाडी भंगारात गेली तर पाठोपाठ हा माणूसही कुठल्या कोपऱ्यात पडून राहील, हे मला दिसत होतं.

मग सुरू झाली त्या अंडरकोटिंगची, म्हणजे गाडीच्या तळाला फासायच्या लेपाची निवड. लग्नाच्या वेळी भावजींनी मुलगी पाहून पोहे संपायच्या आत होकार दिला होता. लेपाला मात्र त्यांनी अख्खा पावसाळा घेतला. पत्र्याचे तुकडे कापले, प्रत्येकाला वेगळा लेप फासला, एक पागोळीखाली टांगला, एक भाताच्या चिखलात पुरला, आणि एक माझ्या खारातल्या कैऱ्यांच्या बरणीत सोडला. मी ओरडले तर शांतपणे म्हणतात, "खाराशिवाय लोखंडाची परीक्षा कशी व्हायची?" कैऱ्या गाईनंही हुंगून सोडल्या. परीक्षेत मात्र सगळेच नापास. डांबरी लेप तडकतो. रबराचा दिसतो छान, पण "वरून शालू नि आतून फाटका परकर." जुनं इंजिन ऑइल शेतात गळतं. इकडे हे परीक्षा घेत होते आणि तिकडे खरी गाडी लेपाविना पावसात उभी राहून आणखी गंजत होती.

शेवटी मीच त्यांना गाडीसकट शहापूरला नेलं, महामार्गालगतच्या एका गॅरेजात. गॅरेजवाला भला माणूस. म्हणाला, "काका, कुठलंबी मारा. पण आधी जुनं सगळं खरवडून काढायला लागल." एवढं ऐकलं आणि भावजी उठून चालू लागले. "उद्या बघू. आज टाइम नाय."

लेपावर नव्हे, खरवडण्यावर हा माणूस अडला आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर उभीच होती. मी पदर खोचला आणि पायऱ्या उतरून खाली गेले. गॅरेजवाला बोंबलला, "आजी, खाली ऑइल हाय!" म्हटलं, "माझ्या गुडघ्यांना तेच हवंय." वर बॅटरी मारली. सगळीकडे गंज, आणि मधल्या एका तुळईवर, जुन्या काळ्या लेपात उमटलेला एक हात. बायकी तळवा. करंगळी विळ्यानं कापून वाकडी झालेली.

गाडी नवी आली तेव्हा पहिला लेप भावजी नि धाकटी, या दोघांनी अंगणातच लावला होता. मी तेव्हा पन्नाशीला टेकलेली, म्हणजे तरुणच, आणि कधीकाळी कल्याणला मामाकडे राहिल्याच्या भांडवलावर गावाला रीत शिकवणारी. जांभळी नायलॉनची साडी, नाकाला रुमाल, आणि लांबून हुकूम: "बायकांनी गाडीखाली शिरू नये गो!" जणू पोथीतच लिहिलं होतं. धाकटी काष्टा मारून केव्हाच आत सरपटली होती. बाहेर येताना तिचा हात ओल्या लेपाला टेकला. "लागला की ओ!" ती हसत ओरडली. "ऱ्हाऊ दे. वाळल," भावजी म्हणाले. त्या काळ्या हाताची भाकरी मी त्या दिवशी खाल्ली नाही. एवढी मी थोर.

खड्ड्यातूनच मी हाक मारली, "काय रे, ज्यातून खालचं दिसतं असं काही नाय तुझ्याकडं?"

"मेणाचं हाय, आजी. पिवळट दिसतं, पण आरपार. जुनं जिथं घट्ट हाय तिथं वरूनबी चालतं. फक्त दर वर्षाला मारायला लागल. काळं एकदा मारलं की सुटलात."

"सुटायचंय कुणाला," मी म्हटलं.

वर भावजींचे नुसते पाय दिसत होते. ते परत वळले.

गाडी पास झाली. तेव्हापासून दर वर्षी मासळी उतरून गाडी धुतली, की भावजी मेणाचा डबा घेऊन खाली शिरतात आणि चहा गार होईस्तोवर बाहेर येत नाहीत. मी हाक मारत नाही.

यंदा त्यांची कंबर धरली. डबा ओसरीवर तसाच पडून होता. "ऱ्हाऊ दे यंदा," म्हणाले, पण नजर गाडीवरून हलेना. मग मी काष्टा मारला, गोणपाट अंथरलं आणि शिरले. आधी त्या हातावरची धूळ पुसली, मग बोटानं पातळ मेण लावलं, वाकड्या करंगळीपर्यंत. तिचा तळवा माझ्याहून लहान होता, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं.

बाहेर आले तेव्हा भावजी काठी टेकून गाडीशी उभे. त्यांनी माझा हात धरला, उलटा केला आणि तळवा नीट पाहिला.

"पुसलं नाय ना काय?"

"नाय ओ," मी म्हटलं. "हाय तसं हाय."