साहेबाचा बॉबी आणि मुळ्यांचा दहीभात

नृसिंहराव मुळे म्हातारपणी नातवंडांना गोष्टी सांगायला बसले की फिरून फिरून सत्तेचाळीस सालच्या त्या आठ दिवसांवर यायचे. त्या साली देश स्वतंत्र झाला, हे ते ओझरतं सांगत. खरी गोष्ट बॉबीची.

तेव्हाचं भिंगार, गोऱ्यांच्या लष्कराची छावणी, निराळं होतं. कडुलिंबांच्या सावलीतून स्वच्छ रस्ते, पहाटे बिगुल, आणि नालेगावातल्या आपल्या घरून सायकलवर कॅम्पातल्या कचेरीत जाणारे नृसिंहराव. वीस वर्षं त्यांनी तिथं कारकुनी केली. तोंडी सांगितलेलं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देत. पण तेच कागदावर टाइप होऊन आलं की झोपेतसुद्धा पाळत. गोरे साहेब बाडबिस्तरा आवरून विलायतेला निघाले, तेव्हा त्यांच्या साहेबानं आपला तांबूस केसांचा कुत्रा बॉबी यांच्या हवाली केला आणि सोबत एक टाइप केलेला कागद दिला. साहेबाला नाही म्हणणं नृसिंहरावांना कधी जमलं नव्हतं.

कागदावर दोनच गोष्टी होत्या. रोज संध्याकाळी अर्धा शेर उकडलेलं मटण, आणि दर ऑक्टोबरात पिसाळू नये म्हणून लस.

घरी त्यांच्या पत्नी इंदूताईंनी कागद शांतपणे ऐकून घेतला. "लस टोचायची तर खुशाल टोचा. मटण या उंबऱ्याच्या आत येणार नाही."

झालं, अर्धा हुकूम पाळायचा ठरला. इंदूताई काही निर्दय नव्हत्या, उलट फार मायाळू. रेशनच्या त्या ओढाताणीच्या दिवसांतही बॉबीच्या दहीभातावर त्या साजूक तूप वाढत. एकादशीला त्याला वरीचे तांदूळ. संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत काहीच नाही. "घरच्या माणसांना जे, तेच त्याला," असं आळीत अभिमानानं सांगत. बॉबी बिचारा इतका गुणी, की परसात आपल्या ताटलीशी बसून चंद्राची वाट बघायचा. आळीतले लोक ते बघायला वाट वाकडी करून येत.

सवय नसलेल्या तुपानं त्याला ढाळ लागले. महिन्याभरात बरगड्या मोजता येऊ लागल्या. "साहेबाची आठवण काढतोय," नृसिंहराव उसासा टाकून म्हणत. आठवण तो काढतच असेल, पण साहेबाची की साहेबाच्या स्वयंपाकघराची, हा विचार त्या भल्या माणसाच्या डोक्यात आला नाही.

ऑक्टोबरात पिसाळलेलं कुत्रं तिघांना चावलं आणि सरकारी हुकूम निघाला: आठ दिवसांत लस टोचून गळ्यात पितळी बिल्ला घाला, बिनबिल्ल्याचं कुत्रं दिसलं की गोळी. नृसिंहराव निर्धास्त होते. लसीचा महिना त्यांच्या कागदावर होताच. त्याच दिवशी ते बॉबीला घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेले.

तिथला कंपाउंडर गोरक्षनाथ लोंढे जवळच्याच खेड्यातला शेतकरी गडी. त्यानं बॉबीच्या बरगड्यांवरून हात फिरवला.

"भाऊसाहेब, ह्याला खायाला काय घालता?"

"दहीभात. वर तूप असतं."

"आन् एकादशीला?"

"वरी."

गोरक्षनाथाला हसू आलं, पण बॉबीकडं बघून ते विरलं. "लई लाडानं उपाशी मारलंय तुमी ह्याला. डाक्टरसायब आज टोचायचे न्हाईत. आदी अंगात जीव येऊ द्या. असल्या मरतुकड्याला लस सोसायची न्हाई."

"पण आठ दिवसांनंतर?"

"मंग गोळी हायेच की."

नृसिंहरावांना साहेबाचा कागद आठवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक कागद अर्धाच पाळला होता, आणि त्याची शिक्षा भोगणार होतं मुकं जनावर. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"माज्या घरी ठिवा आठ दिस," गोरक्षनाथ म्हणाला. "आमच्यात चालतंय समदं."

पण गोरक्षनाथाच्या अंगणात बॉबी ताटलीला तोंड लावीना. रस्त्याकडं बघत नुसता पडून राहिला. गोरक्षनाथाची बायको केशरबाई म्हणाली, "भाऊसाहेब, तुमच्या हातचं खातंय का बगा बरं."

नृसिंहरावांनी डोळे मिटले, कुलदैवताची क्षमा मागितली आणि मटणाचा एक तुकडा उचलला. तो त्यांनी बॉबीपुढं धरला. तेवढ्यात तळहातावर ओली, ऊन जीभ फिरली. त्यांनी डोळे उघडले. दुसरा तुकडा त्यांनी उघड्या डोळ्यांनी भरवला.

मग रोज कचेरी सुटली की सायकल गोरक्षनाथाकडं. साबणानं कितीही हात धुतले तरी नालेगावापर्यंत तो वास सोबत यायचा. "बॉबीला दवाखान्यात ठेवून घेतलंय. साहेब लोक गेले, फायलींचा नुसता डोंगर पडलाय," असं ते घरी सांगत. लग्नानंतर बायकोशी बोललेलं हे पहिलं खोटं. सहाव्या दिवशी बॉबी आपणहून केशरबाईच्या ताटलीतून खाऊ लागला, तेव्हा त्यांना आनंद झाला आणि जरा झोंबलंही.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी लस टोचली. बॉबी एकदाच कुंई करून ओरडला. बिल्ला देणाऱ्यानं वहीतून मान वर न करता विचारलं, "मालकाचं नाव?"

'मुळे' हा शब्द नृसिंहरावांच्या ओठांवर आला होता. पण आज त्याला घरी नेलं, की उद्या पुन्हा दहीभात. इंदूताईंच्या शब्दापुढं आपलं चालणार नाही, आणि त्यांचं घर बाटवायची आपलीही इच्छा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"गोरक्षनाथ लोंढे," ते म्हणाले.

गोरक्षनाथानं पितळी बिल्ला बॉबीच्या गळ्यात बांधला.

घरी आल्यावर त्यांनी इंदूताईंना सगळं सांगून टाकलं. आठ दिवस या हातांनी काय केलं तेही. बोलता बोलता चाळिशी उलटलेला तो माणूस लहान पोरासारखा रडू लागला. इंदूताई परसात गेल्या आणि बॉबीची रिकामी ताटली उचलून घेऊन आल्या.

"उद्या कचेरी कधी सुटते?" त्यांनी विचारलं.

"नेहमीसारखीच. का?"

"तिकडं जाऊन या. मी बंबात पाणी तापवून ठेवते. आंघोळ करून मग घरात या."