धरमपेठेत ऐकलेला एकच स्पीकर

नागपूरला जायचं मी ठरवलं, श्रीकांतने नाही. स्पीकरपायी आमचे बरेच प्रवास झाले, पण माझ्या हट्टाने झालेला हा एवढाच. साल एक्क्याऐंशी, महिना डिसेंबर. (तेव्हा मी नवऱ्याला नावाने हाक मारत नसे. ब्लॉगवर मारते.)

आम्ही अकोल्याला राहत होतो. तो तिथलाच, कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. मी साताऱ्याहून लग्न होऊन आलेली. बाहेरच्या खोलीत कमरेएवढ्या उंचीचे दोन सागवानी स्पीकर होते. आतला माल चुलतभावाने विलायतेहून कपड्यांत गुंडाळून आणलेला, वरची लाकडी खोकी श्रीकांतने सुताराशेजारी बसून करून घेतलेली. पाहुण्याला तो दोन्हींच्या बरोबर मध्ये बसवायचा आणि म्हणायचा, "डोळे मिटा. सतार डावीकडे, तबला उजवीकडे. दिसतात ना?"

त्या उन्हाळ्यात त्याला गालगुंड झालं. ताप उतरला, पण डावा कान घेऊन गेला. तो परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बरा झाल्यावर त्याने एकदा रेकॉर्ड लावली आणि अर्ध्यात बंद केली. "सगळं गाणं उजव्या भिंतीला जाऊन चिकटलंय," म्हणाला. दुसऱ्या दिवशी स्पीकरवर चादर पडली. दिवाळीपर्यंत अमरावतीचं एक गिऱ्हाइकही ठरलं. कानाचं मात्र त्याने कोणालाच सांगितलं नाही, सख्ख्या भावालाही नाही.

अशात बापूसाहेबांचं कार्ड आलं. नवे स्पीकर तयार झालेत, ऐकायला या. बापूसाहेब म्हणजे नागपूरला धरमपेठेत राहणारे, बांधकाम खात्यातले निवृत्त इंजिनियर; हौसेने घरीच स्पीकर करायचे. तिथल्याच सीताबर्डीच्या एका रेकॉर्डच्या दुकानात दोघांची ओळख झालेली.

"मी काय करू जाऊन?" श्रीकांत म्हणाला.

"मला रामटेक बघायचंय," मी म्हटलं आणि तिकिटं काढली.

अकोला-नागपूर गाडीत खिडकी मिळाली तर हा प्रवास थंडीतच करावा. बडनेऱ्यानंतर शेतं मोकळी होत जातात, कापसाने भरलेल्या बैलगाड्या फाटकाशी थांबलेल्या दिसतात. वर्ध्याला गोरसपाकाचा, म्हणजे तुपातल्या बिस्किटांचा, पुडा घ्या, पण गाडीतच संपवू नका. आम्ही संपवला आणि यजमानांकडे हात हलवत गेलो. मी मुद्दाम त्याच्या उजव्या हाताला बसले होते. नागपूर स्टेशनबाहेर संत्र्यांचे ढीग होते. सायकलरिक्षावाल्याने धरमपेठेचे तीन रुपये सांगितले आणि घासाघीस न करता तेवढेच घेतले.

"ये गा श्रीकांत! किती दिवस लावले यायले!" बापूसाहेब फाटकातच उभे होते. साठी ओलांडलेले, अंगात बंडी, हाताला पॉलिशचा वास. त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी मला थेट स्वयंपाकघरात नेलं आणि पानात वडाभात वाढला. डाळीचे वडे भातात कुस्करायचे आणि वर कडकडीत फोडणीचं तेल. मी बेताने घेत होते.

"काहून वं, लाजून राहिली का? टाक नं तेल!"

नागपूरला गेलात तर हा पदार्थ हॉटेलात शोधत बसू नका, कोणाच्या तरी घरी जा.

संध्याकाळी इतवारीचे एक कापडव्यापारी शेठ आले. दर आठवड्याला ते ऐकायला यायचे. स्पीकर छातीएवढे उंच होते, सागाच्या रेषा दोन्हींवर जुळवून घेतलेल्या. बापूसाहेबांनी श्रीकांतला मधल्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर घरातलं कोणी बसत नसे.

सतार सुरू झाली. शेठजी पहिल्याच मिंडेला "वाह" म्हणाले. श्रीकांत ताठ बसला होता. थोड्या वेळाने त्याने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. कुसुमताई चहा घेऊन त्याच्या डाव्या बाजूने आल्या, दोनदा "घ्या" म्हणाल्या. त्याला कळलंच नाही. मी उठणार होते, पण बापूसाहेबांनी मला हाताने थांबवलं. ते त्याच्याकडेच बघत होते.

मग ते उठले, सुई उचलली आणि डाव्या स्पीकरच्या मागे गेले.

"हे पाय, याची तार सैल झाली. आवाज तुटून राहिला. आज एकावरच ऐकू."

"अरे बापूसाहेब, अभी तर मस्त बजत होता!" शेठजी म्हणाले.

"होता गा. आता नाही."

त्यांनी अँप्लिफायरची एक कळ दाबली. ती दाबली की दोन्हीकडचं गाणं एकाच स्पीकरमधून येतं. शेठजींना हात लावायला सांगून त्यांनी उजवा स्पीकर खोलीच्या मध्यावर, श्रीकांतच्या समोर ओढला. मग कपाटातून जुन्या रेकॉर्डी निघाल्या. "या रेकॉर्डी एकाच स्पीकरसाठी भरल्या होत्या. तेव्हा दोन कोणाकडे होते?"

एका बाईंची ठुमरी लागली. आवाज थोडा खरखरीत, पण समोर बसून गावं तसा. मी श्रीकांतकडे बघत नव्हते, बघवत नव्हतं. दुसऱ्या रेकॉर्डीला त्याची टाच फरशीवर ठेका धरताना ऐकू आली. संपल्यावर तो म्हणाला, "परत लावता का?"

सहा महिन्यांत तो गाण्याबद्दल एवढंच बोलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही चौघं रामटेकला निघालो. कामठी, कन्हान, मनसर करत दीडेक तास लागतो. गडावर पायऱ्यांनी चढा. दमलात तरी चालेल, वरून तळी आणि कापणी झालेली धानाची शेतं दिसतात. प्रसाद मात्र पिशवीत झाका. कुसुमताईंच्या हातातले फुटाणे माकडाने पुडीसकट नेले आणि त्या त्याला "मेल्या, मीठ तरी ठेव!" म्हणत राहिल्या.

दर्शन झाल्यावर आम्ही तटाच्या भिंतीवर बसलो.

"बापूसाहेब," श्रीकांत म्हणाला, "तार सैल नव्हती."

"नव्हती. तुले कसं समजलं?"

"तारा खाली असतात. तुम्ही वाकलाच नाहीत."

"गुडघे दुखतात गा माझे!" ते मोठ्याने हसले.

"डावा कान गेला माझा," श्रीकांत म्हणाला. पहिल्यांदाच कोणाला तरी.

"दुखते का?"

"नाही."

"स्पीकर विकून राहिला म्हणे. काहून?"

"अर्धंच ऐकू येतं."

"काल अर्धं ऐकू आलं?"

श्रीकांतने खालच्या तळ्याकडे बघितलं. "काल नाही," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. बापूसाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि उतरेपर्यंत काढला नाही.

परत येताना आमच्याकडे संत्र्यांची टोपली होती आणि श्रीकांत खिडकीशी झोपला होता.

जानेवारीत अमरावतीचं गिऱ्हाइक आलं. श्रीकांतने त्यांना चहा दिला, माफी मागितली आणि संत्री देऊन पाठवलं. मग चादर काढली, आपल्या अँप्लिफायरची तशीच कळ दाबली, एक स्पीकर आपल्या खुर्चीसमोर घेतला आणि दुसऱ्याकडे बघत उभा राहिला.

"हा तुझ्याकडे," म्हणाला आणि तो ओढत स्वयंपाकघरात आणला. दारावरून तार घेतली, पिठाच्या डब्याशेजारी जागा केली.

"फोडणीचे शिंतोडे उडतील," मी म्हटलं.

"उडू देत."

रामटेकचा माझ्याकडे एकच फोटो आहे, तोही हललेला. पायऱ्या किती होत्या, आठवत नाही. नागपूरला पुढे अनेकदा गेले, बापूसाहेब असेपर्यंत त्यांच्याकडेच उतरले. पण त्या प्रवासातून घरी काय आलं असं विचाराल, तर त्याच थंडीतली एक दुपार सांगेन. मी मेथी निवडत होते. रेकॉर्ड संपली तशी मी आतून ओरडले, "तेच परत लावा हो!"

"कोणतं?"

"दुसरी बाजू. शेवटचं नाही, त्याच्या आधीचं."

मग तो दारात येऊन उभा राहिला. "तुला आवडतं ते?"

"लग्न झाल्यापासून," मी म्हटलं.

तो बाहेर गेला, आणि सुई टेकल्याची खरखर माझ्या स्पीकरमधून आली.