डाळीवरचं पाणी

आज नणंदबाईंना जाऊन एक महिना झाला.

तीस वर्षं त्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होत्या. प्रत्येक रोग्याचं ताट वजनकाट्यावर ठेवूनच बाहेर पाठवायच्या, म्हणून सगळे त्यांना 'काटेताई' म्हणत. डाळीचा एक डाव कमी पडला, तर वाढणारीची खैर नसे.

पोटाच्या ऑपरेशननंतर त्या आमच्याकडे आल्या. दुखणाईताला हलकं द्यावं, हे माझ्या डोक्यात पक्कं. रोज डाळ शिजवायची, प्रार्थना पुटपुटत गाळायची आणि वरचं निवळ पाणी मऊ भातावर घालून त्यांना द्यायचं.

"देवाला सांगून गाळतेस, तर निदान मीठ तरी त्याला विचारून घाल," त्या हसून म्हणायच्या. एकदा विचारलं, "तळाचं काय करतेस गं?"

"पोरं खातात, ताई."

"बरं आहे," म्हणाल्या आणि वाटी तोंडाला लावली.

तीन आठवडे झाले तरी जखम भरेना. पट्टी बदलायला ताईंच्याच इस्पितळातून येणाऱ्या नर्सबाईंनी त्यांचा दंड चिमटीत धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"खायला काय देता?"

मी कौतुकाने सांगितलं.

"अहो, भात म्हणजे शरीराला नुसतं जळण! जखम भरायला प्रथिनं लागतात, ती तुम्ही तळाशीच ठेवलीत. बाहेरून मिळाली नाहीत की शरीर स्वतःचंच मांस मोडून खातं. आणि काटेताई, हे तर तुम्हीच आम्हाला शिकवलंत!"

ताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

नर्सबाई गेल्यावर मी ताईंच्या पलंगापाशी बसले. "मला एका शब्दाने सांगितलं का नाहीत?"

"तू इतक्या भक्तीने करत होतीस. परक्या घरातल्या बाईला मी ताट आपटून सांगितलं असतं. तुला कसं सांगू?"

त्या दिवसापासून घट्ट डाळ, अंडं, दूध, सगळं दिलं. दोन घासांवर जाईना. जखम चिघळली, ताप चढला. नवव्या दिवशी संपलं.

आज डाळ शिजली आणि सवयीने हात गाळणीकडे गेला. गाळणी परत खिळ्याला अडकवली. पातेल्यात डाव तळापर्यंत घातला आणि ढवळत उभी राहिले. प्रार्थनेचे शब्द काही केल्या ओठांवर येईनात. देवाची क्षमा मी रोज मागते. ताईंची मागायची राहिली.